कुणासाठी आलो आपण?

या पुस्तकात एक आक्का आहे, एक बारक्या आहे, त्यांची आई आहे आणि लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीतली दहा बाय बाराची एक खोली आहे. बाप गावाकडं राहिला, कारण शेत उचलून आणता येत नाही. आजी राहिली, कारण म्हैस राहिली. आक्का अकरावीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय, निदान घरातल्या थोरामोठ्यांनी तसं ठरवून टाकलंय. बारक्या सहावीत आहे. त्याला काय व्हायचंय हे अजून कुणी विचारलेलं नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. त्याची तक्रार दुसरीच आहे. खोलीवर येऊन आठवडा व्हायच्या आत तो आईला विचारतो, "आपण कुणासाठी आलो इथं?" आई पीठ मळता मळता सांगते, "आक्काच्या शिक्षणासाठी." "मग मी?" "तू सोबत."

इथून पुढची सगळी पानं म्हणजे या उत्तराशी बारक्यानं घातलेला वाद आहे. त्या वादासाठीच ही प्रस्तावना लिहायला मी तयार झालो. एरवी मुलांच्या पुस्तकाला प्रस्तावना जोडणं मला फारसं पटत नाही. मुलं ती वाचत नाहीत, आणि मोठी माणसं प्रस्तावना वाचून पुस्तक वाचल्याचं समाधान मानून घेतात.

गाव सोडून शहरात आलेल्या मुलांच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. त्यांचा साचाही ठरलेला असतो. पहिल्या दिवशी शाळेत कुणी बोलत नाही, दुसऱ्या प्रकरणात रडू येतं, तिसऱ्यात एक मित्र मिळतो, मग गणपती किंवा क्रिकेटची मॅच येते आणि शेवटच्या पानावर मूल रुळलेलं असतं. रुळणं ही मुलाची जबाबदारी, आणि ती त्यानं पार पाडली की मोठी माणसं मोकळी. या पुस्तकाच्या लेखिकेनं हा साचा वापरलेला नाही. बिऱ्हाड हलवायचं कुणी ठरवलं, कुणासाठी ठरवलं आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे ती मुलांच्या उंचीवर उभी राहून विचारते. बहीण आणि भाऊ एकाच खोलीत आले असले तरी एकाच कारणानं आलेले नाहीत. माझ्या मते या गोष्टीचं मोल तिथं आहे.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला प्रश्न पडेल, लातूरच का? १९८२ साली उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, फुटून झालेला हा जिल्हा. विमानांची गजबज नाही, पाण्याची तर कायमचीच ओढ. पण १९६१ चं दयानंद महाविद्यालय आणि १९७० चं राजर्षी शाहू महाविद्यालय इथं होतं, देशिकेंद्र आणि केशवराजसारख्या शाळा होत्या, आणि मुलांना कॉलेज सुटल्यावरही बसवून घेणारे प्राध्यापक होते. शाहूचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे, जे पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या पिढीनं या गावाला शिकवण्याची शिस्त लावली. जादा तास, सराव परीक्षा, जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेणं, चुकलेलं उत्तर तिथल्या तिथं दुरुस्त करणं. यात जादू काहीच नव्हती, होता तो रेटा. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं लातूरची नावं झळकू लागली आणि सगळा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. पुढं गुणवत्ता यादी बंद झाली, 'नीट' आली, आणि पॅटर्न कॉलेजच्या वर्गातून निघून खासगी शिकवण्यांत गेला. गावात चक्क 'ट्यूशन एरिया' नावाचा भाग झाला. रिक्षावाल्याला तेवढं म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. नांदेडही त्याच वाटेनं गेलं आणि आज दोन्ही शहरांत शिकवण्यांची चढाओढ आहे.

या सगळ्यातून एक नवं बिऱ्हाड जन्माला आलं. "लातूरला रूम केलीय" एवढं वाक्य आमच्याकडं पुरतं. ऐकणाऱ्याला कळतं की पोरगा किंवा पोरगी अकरावी-बारावीला आहे, आई सोबत आहे, बाप गावाकडं आहे आणि दोन वर्षं हे असंच चालणार आहे. वसतिगृहं आहेत, मेस आहेत, पण लेकराला घरचं खायला मिळावं आणि मुलीला एकटं ठेवायला नको म्हणून आया येतात. ज्या बाईनं उभ्या जन्मात घरभाड्याची पावती पाहिली नाही, ती घरमालकाशी, गॅसवाल्याशी, शिकवणीच्या ऑफिसातल्या मॅडमशी एकटीनं बोलायला शिकते. स्थलांतर म्हटलं की आपल्याला पूर्ण कुटुंब ट्रकात बसलेलं दिसतं. इथं कुटुंब मधोमध कापलं जातं, अर्धं गावात आणि अर्धं लातुरात. त्या कापलेल्या कडेवर धाकटं भावंड येतं. त्याला गावी ठेवावं तर आईवाचून कसं राहील, आणि आणावं तर त्याचं इथं काम काय?

लेखिकेनं ती खोली फार बारकाईनं लिहिली आहे. पाच किलोचा सिलिंडर, पलंगाखाली ज्वारीचं पोतं, भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी पेटी, दाराआड निळा ड्रम. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजारच्या घराची भिंत. सगळ्यात चांगलं उतरलंय ते तिथलं रात्रीचं राहणं. आक्का एक वाजेपर्यंत वाचते, म्हणून दिवा एकपर्यंत चालू. बारक्याला उजेडात झोप येत नाही. आई त्याच्या तोंडावर गोधडी ओढते, तर त्याला गुदमरतं. मग एका रात्री तो उठतो, बुटाच्या खोक्याचं झाकण घेतो, त्याला सुरीनं भोक पाडतो आणि ते बल्बभोवती असं अडकवतो की उजेड फक्त आक्काच्या पुस्तकावर पडावा. झाकणाला चटका बसून वास सुटतो, आई जागी होऊन दोघांनाही रागावते आणि झाकण काढून टाकते. दुसऱ्या दिवशी आक्का क्लासहून येताना पत्र्याचा एक जुना कोन घेऊन येते. कुठून आणला हे ती सांगत नाही आणि लेखिकाही सांगत नाही. भावाबहिणीच्या मायेवर या प्रसंगात एकही वाक्य नाही. ते नाही म्हणून तो प्रसंग चांगला आहे.

या खोलीत टीव्ही नाही, कारण अभ्यासाला त्रास. पळायचं नाही, कारण खाली घरमालक राहतात. मित्र आणायचे नाहीत, कारण आक्काची टेस्ट आहे. टेस्ट रोजच असते. गावात बारक्याचा आवाज चार शेतांपलीकडं जायचा. इथं तो कुजबुजायला शिकतो, आणि दिवाळीला गावी गेल्यावरही कुजबुजतच बोलतो. आजी बापाला विचारते, "लेकराचा घसा बसलाय का?" वाचताना मी इथं थांबलो. थोरल्याच्या अभ्यासापायी धाकट्याला गप्प करणारी किती घरं मी पाहिली असतील, आणि त्या धाकट्यांपैकी एकाचाही विचार कधी केला नव्हता.

गावाशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे एस.टी.नं येणारा डबा. मराठवाड्यात ही पद्धत जुनी आहे. शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे फडक्यात बांधून, वर नाव लिहून गाडीत ठेवायचे, आणि पोरांनी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. इथं आई सोबत आहे, तरी आजी काही ऐकत नाही. जळकोटकडून उदगीरमार्गे येणाऱ्या गाडीत दर रविवारी तिच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे येतात. बारक्याची कामगिरी म्हणजे स्टँडवर जाऊन डबा आणणं आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवणं. या शहरात त्याला मिळालेलं हे पहिलं काम, आणि तो ते कलेक्टरच्या थाटात करतो. रिकाम्या डब्यात तो आजीसाठी चिठ्ठी ठेवतो. आजीला वाचता येत नाही, ती बापाकडून वाचून घेते, म्हणजे आईला न सांगता बापाला निरोप पोचवायची ही वाट त्याला आपोआप सापडते. एका चिठ्ठीत फक्त एक ओळ असते: आक्का आता हसत नाही.

ती चिठ्ठी वाचून बाप येतो, पण नुसता येत नाही. तसं येणं परवडत नाही. सोयाबीन घेऊन येतो. लातूरची आडत ही सोयाबीन आणि तुरीची मोठी पेठ, आसपासच्या कितीतरी तालुक्यांचं लक्ष इथल्या भावाकडं असतं. टेम्पोतून पोती उतरतात, हमाल काटा लावतात, हमाली-तोलाई कापून पट्टी हातात पडते आणि त्या पट्टीतून थेट खोलीचं भाडं आणि शिकवणीचा हप्ता जातो. त्या रात्री चौघं एका खोलीत झोपतात. बापाचे पाय दारापर्यंत जातात, म्हणून दार उघडायचं असेल तर त्याला उठवावं लागतं. लेखिकेनं या एका रात्रीला सबंध प्रकरण दिलंय आणि त्यात घडत काहीच नाही. बाप आक्काला काहीतरी सांगणार असतो, सांगत नाही, पहाटेच्या गाडीनं निघून जातो.

पुढच्या प्रकरणात गोष्ट आक्काच्या तोंडी येते, आणि पुस्तकाचं वजन अचानक वाढतं. तोवर आपण बारक्याच्या बाजूचे झालेलो असतो. आक्का म्हणजे उजेड अडवणारी, टेस्टच्या नावाखाली सगळ्यांना गप्प बसवणारी. आता कळतं की 'कुणासाठी आलो' हा प्रश्न तिला कुणी विचारावा लागत नाही. उत्तर तिला पाठ आहे. आईनं गाव सोडलं तिच्यासाठी, बाप हातानं भाकरी थापतोय तिच्यासाठी, बारक्या मुका झालाय तिच्यासाठी. फीचा हिशेब ती रुपयांत करत नाही, क्विंटलात करते. टेस्टमध्ये वीस मार्क गेले की किती पोती गेली, हे तिला रात्री दोन वाजता छताकडं बघत मोजता येतं. चौकाचौकांत लागलेल्या फ्लेक्सवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि त्यांचे गुण. तिच्याच वर्गात बसणाऱ्या, पण फ्लेक्सवर न आलेल्या मुलांचं पुढं काय होतं, हे तिला कुणी सांगत नाही. मुलांच्या पुस्तकात इतका काळजीचा सूर असावा का, असं काही पालक विचारतील. ज्या मुलांसाठी हे पुस्तक आहे ती हा सूर घरात रोज ऐकतात. पुस्तकानं कान झाकून घेण्यात अर्थ नाही.

या दोन बाजू एकमेकींवर आदळतात तो प्रसंग मी इथं सांगून टाकणार आहे. प्रस्तावनाकारानं गोष्ट फोडू नये हा नियम मला ठाऊक आहे. पण या एका वाक्यासाठी तो मोडतो. भांडण होतं ते ड्रममधल्या पाण्यावरून, आणि चिडलेला बारक्या बहिणीला म्हणतो, "तू नापास हो ना. मग आपण घरी जाऊ." आई हात उगारते. आक्का मात्र हसते. आधी हळू, मग पोट धरून. पूर्ण पुस्तकात ती पहिल्यांदा इथं हसते, कारण तिच्या मनात रोज येणारी आणि कधीच बाहेर न पडणारी गोष्ट या दीडवितीच्या पोरानं मोठ्यानं म्हणून टाकलेली असते.

पाण्यावरून भांडण होणं हे लातूरच्या गोष्टीत आपसूकच येणार. २०१६ चा उन्हाळा इथल्या कुणाच्या स्मरणातून जाणार नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती, आणि शेवटी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 'जलदूत' असं त्या गाडीचं नाव. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी; पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. सव्वातीनशे किलोमीटरांहून लांबून. त्या वर्षी शिकायला आलेली कित्येक पोरं खोल्या सोडून गावी परतली होती. बारक्यासाठी हा सगळा इतिहास आहे. त्याला तो कळतो शाळेतल्या सरांकडून, आणि मग घरमालकीण काकू ड्रमवर खडूनं खूण का करतात याचा त्याला उलगडा होतो. नळाला रोज पाणी नसतंच. 'पाण्याचा दिवस' असतो, आणि त्या दिवशी शाळा बुडाली तरी आई रागावत नाही.

या काकू सुरुवातीला गोष्टीतल्या खलनायिका वाटतात. पाहुणे नकोत, आवाज नको, रात्री बोअर लावायची नाही. मग एका संध्याकाळी लाइट गेलेली असताना त्या जिन्यात बसून दोघा मुलांना आपलं लहानपण सांगतात. त्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या बाजूच्या. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आणि ते सगळं अंगावर. काकू तेव्हा सात वर्षांच्या. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढल्यावर त्यांना नव्या गावठाणात घर मिळालं. पुनर्वसनात घराचं माप जमिनीवर ठरलं होतं: भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. बावन्न गावं उठून अशी नव्यानं वसली. गल्ल्या सरळ, घरं ओळीत, भूकंपाला टिकणारी. काकू सांगतात की शाळेतून येताना त्यांना आपलं घर सापडायचं नाही, कारण सगळी घरं सारखी. मग त्यांच्या धाकट्या भावानं दाराला कोळशानं बैल काढला. पुढं तो भाऊ शिकायला पुण्याला गेला. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती, त्यांतला तो एक. तो तिकडंच राहिला आणि त्याचं चांगलं झालं. "चांगलं झालं," असं काकू दोनदा म्हणतात, आणि आक्का त्यांच्याकडं बघत राहते.

भूकंपावर मराठीत बरंच लिहिलं गेलं, मदत किती आली, घरं किती बांधली याचे हिशेब मांडले गेले. नव्या घरात मुलं कशी राहिली हे त्या मानानं फार थोडं आलं. ते या पुस्तकात सहज, लाइट गेल्यामुळं येतं.

आपल्या बालसाहित्यात शहर म्हणजे बहुधा पुणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि येताच शहर काबीज करतो. तो वाचून आम्ही वाढलो, त्याचं ऋण आहेच, पण गावचं पोर शहरात आल्यावर दबतं, ही बाजू तिथं नव्हती. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडं राहतो आणि त्याच्या मनातली उलघाल मराठीत फार थोड्यांना जमली आहे. पण तो मोठ्यांनी मोठेपणी वाचायचा. लातूर-नांदेडच्या मुलाला आपली गल्ली, आपली बोली आणि आपला एस.टी. स्टँड पुस्तकात भेटायला फार वाट पाहावी लागली. अलीकडं चित्र बदलतंय. उदगीरला २०२२ मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांना २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि लगेच २०२५ चा पुरस्कार नांदेडच्या डॉ. सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला. या भागात मुलांसाठी गंभीरपणे लिहिणारी माणसं आहेत, हे आता दूरच्यांनाही कळू लागलंय. प्रस्तुत लेखिका त्याच रांगेत नव्यानं उभी राहते आहे. तिनं निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवलं आणि संवाद जसे बोलले जातात तसे. 'काय करायलास', 'कामून' हे शब्द तळटीपेशिवाय येतात आणि आल्या जागी शोभतात.

गोष्टीचा नांदेडचा भाग मला थोडा त्रोटक वाटला. मार्गशीर्षात आई बारक्याला घेऊन बहिणीकडं सिडकोत जाते. लातूर-अहमदपूर-लोहा हा रस्ता, वाटेत माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची गर्दी, गाडी तासभर अडकलेली आणि खिडकीबाहेर घोडे, गाढवं, उंट. हे वर्णन झकास आहे. नांदेडात पोचल्यावर बारक्याला गोदावरी दिसते आणि तो घाटावर उभा राहून हे पाणी किती ड्रम होईल याचा अंदाज बांधतो. लातूरहून आलेलं पोर दुसरं काय करणार! मग मावसभावांबरोबर सचखंड गुरुद्वाऱ्यात जातो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला ते हे ठिकाण, आणि आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात उभी राहिली. बारक्याला यातलं काही नको असतं. त्याला पंगतीत बसवून गरम रोटी वाढतात आणि तू कुणाचा, कुठला, कशाला आलास असं कुणीही विचारत नाही, एवढं त्याच्या लक्षात राहतं. हा धागा लेखिकेनं दोन पानांत गुंडाळला. नांदेडची दखनी, पंजाबी, देगलूर-बिलोलीकडून येणारी तेलुगू, एकाच शहरात एवढे आवाज, आणि हा पोरगा तर कुजबुजण्याला कंटाळलेला. इथं आणखी चार पानं चालली असती.

यात्रेपाठोपाठ येते येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिव भागातला हा आमचा सगळ्यात मोठा सण, दिवाळीपेक्षा काकणभर जास्तच. त्या दिवशी लातूर ओस पडतं. दुकानांना कुलपं, गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळाही रस्ते मोकळे, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील आणि आलागेला पाहुणा. आई आणि बारक्या नांदेडहून परस्पर गावी जातात. आक्का जात नाही, दुसऱ्या दिवशी तिची मोठी परीक्षा आहे. रिकाम्या शहरात ती एकटी, आणि भरल्या शेतात बारक्या, ज्याला इतके महिने घरी जायचं होतं. तो घरी पोचतो खरा, पण आंबिलाचा पेला हातात धरून सारखा रस्त्याकडं बघतो. पुढं काय होतं ते पुस्तकातच वाचावं. नियम एकदा मोडला, दुसऱ्यांदा मोडत नाही.

आता काही गोष्टी खटकल्या त्याही सांगायला हव्यात. पुस्तकातला बाप जरा जास्तच समजूतदार आहे. भाव पडलेल्या वर्षी, कर्ज डोक्यावर असताना, बाप एवढा शांत राहत नाही, आणि मुलांना ते माहीत असतं. दुसरं म्हणजे खोली शोधण्याचं प्रकरण. घरमालक आधी आडनाव विचारतात, मग भाडं सांगतात, हे एका वाक्यात येऊन जातं. ज्यांना आडनावावरून किंवा धर्मावरून चार दारांतून परत फिरावं लागतं, त्यांची मुलंही हे पुस्तक वाचणार आहेत. ते वाक्य तिथं थांबायला हवं होतं. तिसरी गोष्ट लेखिकेच्या हातची नाही, तरी नोंदवतो. 'रूम करणं' हे थोडीफार जमीन असलेल्याचं बळ. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, त्यांची कारखान्याच्या पालात राहणारी मुलं, किंवा आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात मागं ठेवलेली मुलं, यांचं घर वर्षातून दोनदा बदलतं. त्यांच्या भावंडांची गोष्ट अजून लिहायची राहिली आहे, आणि या लेखिकेनं ती लिहावी असं मला वाटतं. तिला खोली दिसते तसं पालही दिसेल.

शेवट गोड केलेला नाही, याबद्दल मात्र तिचे आभार. आक्काचा निकाल पुस्तकात लागतच नाही. बारक्याला लातूर आवडू लागलं की नाही, हेही स्पष्ट सांगितलेलं नाही. त्याला स्टँडवरचे तीन कंडक्टर नावानं ओळखतात, एवढं कळतं. दोन वर्षांच्या बिऱ्हाडाला यापेक्षा जास्त काही म्हणणं खोटं ठरलं असतं. चित्रांबद्दलही एक शब्द: चित्रकारानं खोली कायम वरून दाखवली आहे, छताला डोळे असावेत तशी, त्यामुळं प्रत्येक चित्रात कोण कुठं झोपलंय ते दिसतं. मुलं ही चित्रं बोटानं मोजत बघतील.

लातुरात, नांदेडात किंवा आणखी कुठं खोली करून राहणाऱ्या आईवडिलांना माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक घेतलंत तर थोरल्याच्या टेबलावर ठेवू नका; त्याला वेळ नसेल, त्याची टेस्ट असेल. धाकट्याच्या हाती द्या. आणि तो मोठ्यानं वाचू लागला, तर त्याला गप्प बसवू नका.